देहाचा हक्क आणि रात्रीचे पांघरूण

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने प्रकाश निर्माण केला आणि अंधारही निर्माण केला, ज्याने दिवसाला रात्रीत आणि रात्रीला दिवसात गुंफले. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या परिवारावर व त्यांच्या सोबत्यांवर.

प्रिय बंधू-भगिनींनो, कयामतच्या दिवसाचे वर्णन करताना पवित्र कुरआन एक असे दृश्य आपल्यासमोर उभे करतो, जे वाचून अंगावर काटा येतो. सूरह यासीनमध्ये सांगितले आहे की त्या दिवशी तोंडांवर मोहोर लावली जाईल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. सूरह हामीम अस्सजदाच्या २० व्या व २१ व्या आयतींत कान, डोळे आणि कातडी यांच्या साक्षीचा उल्लेख आहे. माणूस आपल्याच कातडीला विचारील की तू माझ्याविरुद्ध का बोललीस, आणि कातडी उत्तर देईल की ज्याने प्रत्येक वस्तूला वाचा दिली, त्यानेच आम्हालाही बोलते केले. या आयती ऐकताना आपल्या मनात बहुधा परक्याविषयी घडलेली पापे येतात: डोळ्यांनी काय पाहिले, हातांनी कोणाचे काय घेतले, पाय कोठे गेले. परंतु या साक्षीदारांचा स्वतःचाही एक दावा आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. डोळ्याने काय पाहिले हा एक प्रश्न. डोळ्याला विश्रांती दिली की नाही हा दुसरा.

हा दुसरा प्रश्न प्रेषितांनीच (स.) उपस्थित केला आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजेत उभे राहत. ही वार्ता प्रेषितांच्या (स.) कानी गेली तेव्हा त्यांनी त्यांना बोलावून समजावले. त्या उपदेशाचा आशय असा, की रोजा ठेव आणि सोडही, रात्री उभा राहा आणि नीजही. कारण तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा हक्क आहे, तुझ्या पत्नीचा हक्क आहे आणि तुझ्याकडे येणाऱ्याचाही हक्क आहे. ही हदीस सहीह बुखारीत आहे. येथे ‘हक्क’ हा शब्द लक्षात घ्यावा. जो शब्द आईवडिलांच्या, शेजाऱ्याच्या आणि अनाथाच्या संदर्भात येतो, तोच शब्द येथे देहासाठी आला आहे. देह ही आपली मालमत्ता नाही; ती अमानत आहे, आणि अमानतीला हक्क असतात.

अमानत सांभाळावयाची तर तिचा स्वभाव ओळखावा लागतो. म्हणून आज आपण देहाच्या एकाच गुणाकडे पाहू. देह भोवतालाचे सतत ऐकत असतो. आपण त्याला काही सांगत नाही असे आपल्याला वाटते, परंतु उजेड, आवाज, अन्न आणि सवय यांच्या भाषेत त्याच्याशी बोलणे अहोरात्र चालू असते. आणि जे ऐकले, त्याप्रमाणे तो आतून बदलत असतो.

उजेडाचेच उदाहरण घेऊ. १७२९ साली फ्रान्समधील द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप काळोखात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही ते रोप दिवसाच्या वेळी पाने उघडीत राहिले आणि रात्रीच्या वेळी मिटीत राहिले. सजीवाच्या आतच काळ मोजणारी काही योजना आहे, याची ती पहिली खूण होती. पुढे फळमाशीच्या अभ्यासातून ही योजना पेशींच्या आत कशी चालते हे उलगडले, आणि त्या कामासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेच आपल्या देहाचे मुख्य घड्याळ. झोप केव्हा यावी, अंगाची ऊब केव्हा उतरावी, पहाटे कोणते स्राव वाढावेत, हे त्या घड्याळावर चालते.

या घड्याळाची एक गोष्ट विशेष आहे. बहुतेक माणसांत त्याचा फेरा बरोबर चोवीस तासांचा नसतो, किंचित अधिकाचा असतो. त्याला तसेच सोडून दिले तर ते रोज थोडे थोडे मागे पडेल. म्हणून ते रोज लावावे लागते आणि ते लावण्याचे काम मुख्यतः उजेड करतो. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत, ज्यांचे मुख्य काम चित्र पाहणे हे नसून उजेड आहे की नाही, याची वर्दी त्या घड्याळाला देणे हे आहे. निळसर उजेडाने त्या सर्वाधिक जाग्या होतात. सकाळचा उजेड घड्याळाला पुढे आणतो. रात्री उशिराचा उजेड त्याला मागे ढकलतो. अंधार पडू लागला की मेंदूतील एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचा स्राव सोडू लागते, आणि देहातील सर्व अवयवांना रात्र झाल्याची खबर पोहोचते. डोळ्यांसमोर तीव्र उजेड धरला की ती खबर अडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विज्ञानाचा प्रत्येक नवा शोध कुरआनात आधीच लिहिलेला होता, असे म्हणण्याची आपल्याकडे एक प्रथा पडली आहे. ती प्रथा न कुरआनाचा सन्मान वाढविते, न विज्ञानाचा. कुरआन हा वैद्यकाचा ग्रंथ नव्हे, तो मार्गदर्शनाचा ग्रंथ आहे. तो आपल्याला रात्रीची रासायनिक घडण सांगत नाही. रात्र कोणी दिली आणि कशासाठी दिली, हे सांगतो. घडण शोधण्यासाठी त्याने आपल्याला बुद्धी दिली आहे. दोन्ही गोष्टी एकाच दात्याच्या आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता कुरआन रात्रीविषयी काय सांगतो ते पाहा. सूरह नबाच्या ९ ते ११ या तीन छोट्या आयतींत तीन देणग्यांचा उल्लेख आहे. झोपेला ‘सुबात’ केले, रात्रीला ‘लिबास’ केले आणि दिवसाला ‘मआश’ केले. ‘सुबात’ या शब्दाच्या मुळाशी तोडण्याचा, थांबविण्याचा अर्थ आहे. झोप म्हणजे धावपळीचा धागा तोडून मिळालेली विश्रांती. ‘लिबास’ म्हणजे वस्त्र; रात्र ही अंगावर पांघरावयाची वस्तू आहे. ‘मआश’ म्हणजे उपजीविका. सूरह कससच्या ७१ व ७२ या आयतींत तर अल्लाहने माणसाला प्रश्नच विचारला आहे. त्याचा आशय असा, की अल्लाहने कयामतपर्यंत तुमच्यावर रात्रच कायम केली, तर तुम्हाला प्रकाश आणून देणारा दुसरा कोण आहे? आणि त्याने कयामतपर्यंत दिवसच कायम केला, तर तुम्हाला विसाव्यासाठी रात्र आणून देणारा दुसरा कोण आहे? पहिल्या प्रश्नाच्या शेवटी ऐकण्याचा उल्लेख येतो आणि दुसऱ्याच्या शेवटी पाहण्याचा. रात्रीच्या काळोखात कान कामी येतो, दिवसाच्या उजेडात डोळा. कुरआनच्या शब्दयोजनेतील ही सूक्ष्मता अभ्यासकांनी फार पूर्वीच टिपून ठेवली आहे.

बंधू-भगिनींनो, दुसरा प्रश्न आपल्या पिढीला उद्देशून आहे असे वाटावे, इतका तो आज आपल्याला लागू पडतो. अल्लाहने दिवस कायम केला नाही. तो आपणच करू पाहत आहोत. त्याने दररोज संध्याकाळी आकाशावर पांघरूण ओढले आणि आपण दिवे, पडदे आणि मोबाईल यांच्या साहाय्याने ते फाडीत बसलो. मोहल्ल्यातील कोणत्याही गल्लीत रात्री एक वाजता उभे राहून पाहावे. ओट्यावर चार तरुण बसलेले असतात, चौघांच्या चेहऱ्यांवर निळसर उजेड असतो आणि चौघांत संभाषण नसते. घराच्या आत आई एका खोलीत काही पाहत असते, मुलगी दुसऱ्या खोलीत. चहाची टपरी उघडी असते. लग्नाचा वलीमा रात्री अकराला वाढला जातो आणि पाहुणे एक वाजता बिर्याणी जेवून घरी येतात. देहाने संध्याकाळपासून आवराआवर चालविलेली असते. अन्नातील साखर पचविण्याची त्याची क्षमता सकाळी जितकी असते तितकी मध्यरात्री नसते. आपण मात्र सर्वांत जड जेवण त्याच वेळी त्याच्यापुढे टाकतो. मधुमेह आपल्या घराघरांत का शिरला, याची कारणे अनेक आहेत. परंतु हे कारण त्यांतून वगळता येणार नाही.

चहाचेही पाहा. आपण जागे असतो तोवर मेंदूत एक द्रव्य साचत जाते आणि तेच आपल्याला झोपेकडे ओढते. चहा-कॉफीतील कॅफीन त्या द्रव्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही. फक्त थकव्याची वर्दी अडते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडावयास सर्वसाधारण प्रौढ माणसाला पाच तासांच्या आसपास लागतात. म्हणजे रात्री दहाला घेतलेल्या कडक चहाचा अर्धा अंमल पहाटे तीनलाही शिल्लक असतो. आणि फज्रची अजान होते तेव्हा तो मनुष्य कोठे नुकता गाढ झोपू लागलेला असतो.

प्रेषितांचे (स.) वळण काय होते? हजरत अबू बर्झा (रजि.) यांच्या कथनानुसार इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे त्यांना पसंत नव्हते. रात्री निजताना दिवे विझवावेत, दारे लावावीत, पाण्याची व अन्नाची भांडी झाकावीत, अशी त्यांची शिकवण होती. दिवे विझविण्यामागे त्या काळी आगीची भीती होती, हे हदीसमध्येच आले आहे; परंतु त्या सुन्नतीने घराला अंधारही लाभत असे. हा गप्पांचा निषेध सरसकट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मुसलमानांच्या सार्वजनिक कामासाठी हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याशी ते रात्री सल्लामसलत करीत. ज्ञानासाठी, पाहुण्यासाठी, पत्नीशी दोन शब्द बोलण्यासाठी जागणे यास उलमांनी मोकळीक दिली आहे. निषेध आहे तो रात्र वाया घालविण्याचा आणि त्यापायी फज्र गमावण्याचा.

उजेडानंतर आवाजाकडे वळू. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपेतही कान ऐकत असतो. रात्री रस्त्यावर भोंगा वाजला आणि तुम्ही जागे झाला नाहीत, तरी हृदयाचे ठोके वाढू शकतात, रक्तदाब चढू शकतो. सकाळी तुम्हाला काहीच आठवत नाही, परंतु देहाने रात्रभर पहारा केलेला असतो. आपल्याला आवाजाची सवय झाली असे आपण म्हणतो. सवय मनाला होते. हृदयाला तितकी होत नाही.

हजरत मिकदाद (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) रात्री घरी येत तेव्हा अशा आवाजात सलाम करीत, की जागा असलेल्याला तो ऐकू यावा आणि झोपलेल्याची झोप मोडू नये. सलाम म्हणजे दुआ, तरीही आवाज इतका मोजलेला! दुसऱ्या एका प्रसंगी मस्जिदमध्ये काही लोक मोठ्याने कुरआनपठण करीत होते. प्रेषित (स.) तेव्हा एतिकाफमध्ये होते. त्यांनी पडदा बाजूला सारून सांगितले, की तुम्ही सगळे आपल्या रबशीच बोलत आहात, तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका. कुरआनपठणाच्या बाबतीत जर ही ताकीद असेल, तर आपल्या वरातींचा, आपल्या डीजेचा आणि आपल्या मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या जलशांच्या ध्वनिक्षेपकांचा हिशेब आपण कोणत्या तोंडाने देणार आहोत? देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकाला मनाई केली आहे. कायद्याच्या भीतीने आपण आवाज कमी करतो. शेजारच्या घरातील तान्ह्या बाळाच्या आणि हृदयरोगी म्हाताऱ्याच्या हक्कापोटी तो आधीच कमी व्हावयास हवा होता. तो शेजारी मुस्लिम असो वा मुस्लिमेतर, त्याचा हक्क तोच आहे.

येथे कोणी म्हणेल, की रात्र जागविणे हीच तर सालिहीनांची रीत आहे; मग झोपेचा एवढा आग्रह कशासाठी? याचे उत्तर प्रेषितांच्या (स.) घरातूनच मिळते. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे, की ते रात्रीच्या पूर्वार्धात झोपत आणि उत्तरार्धात उठून नमाज अदा करीत. हजरत दाऊद (अलै.) यांची नमाज अल्लाहला सर्वाधिक प्रिय असल्याचे हदीसमध्ये आले आहे, ते अर्धी रात्र झोपत, तिसरा भाग उभे राहत आणि सहावा भाग पुन्हा झोपत. म्हणजे ज्या रात्रीची स्तुती झाली, तिच्या तीन हिश्शांपैकी दोन हिस्से झोपेचेच आहेत. एकदा मस्जिदच्या दोन खांबांमध्ये एक दोर बांधलेला दिसला. चौकशी केल्यावर कळले, की तो हजरत झैनब (रजि.) यांचा आहे, नमाजेत उभ्या राहून थकल्या म्हणजे त्या त्याला धरतात. प्रेषितांनी (स.) तो सोडावयास लावला आणि अंगात उत्साह असेल तोवर नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे सांगितले. इबादतीसाठी बांधलेला दोर सुटला. मग करमणुकीसाठी आपण डोळ्यांना बांधून ठेवलेला दोर कोणत्या आधारावर टिकावा?

हजरत सलमान (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांचा प्रसंगही असाच आहे. प्रेषितांनी (स.) या दोघांत बंधुत्वाचे नाते जोडले होते. सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले तेव्हा त्याच्या पत्नीची उदास अवस्था त्यांना दिसली, अबू दर्दांना (रजि.) संसारात रस उरला नव्हता. रात्री अबू दर्दा (रजि.) नमाजसाठी उठू लागले, तेव्हा सलमानांनी (रजि.) त्यांना निजावयास सांगितले. थोड्या वेळाने ते पुन्हा उठू लागले, पुन्हा निजविले. रात्रीचा अखेरचा प्रहर आला तेव्हा मात्र स्वतःच म्हणाले, आता ऊठ. आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी रबचा हक्क, स्वतःचा हक्क व घरच्यांचा हक्क समजावून प्रत्येकाला त्याचा हक्क देण्यास सांगितले. हे सारे प्रेषितांना (स.) कळले तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) खरे बोलले अशी ग्वाही दिली.

आता मी त्या बांधवांकडे वळतो, ज्यांना रात्री झोपण्याचा पर्यायच नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत यंत्रमाग रात्रभर चालतात. रुग्णालयांत आपल्या भगिनी रात्रपाळी करतात. कोणी पहारेकरी आहे, कोणी रिक्षा चालवितो, कोणी कॉल सेंटरमध्ये परदेशाच्या घड्याळावर काम करतो. अशाच एका मागकामगार बांधवाने जुम्याच्या नमाजनंतर थांबून मला एक प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, “इमामसाहेब, आठवडाभर रात्रपाळी असते. सकाळी आठला येऊन पडतो आणि डोळा उघडतो तेव्हा जोहर निघून गेलेली असते. मुनाफिकांवर नमाज जड जाते असे तुम्हीच खुतब्यात सांगितले. मग मी मुनाफिक झालो का?”

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ज्याच्या अंतःकरणात निफाकची भीती असते, तो निफाकपासून दूरच असतो. त्याला जे सांगितले, ते येथे सर्वांसाठी लिहितो. खैबरहून परतताना प्रेषित (स.) आणि सहाबा रात्रभर चालत होते. झोप अनावर झाली तेव्हा ते उतरले आणि पहाटेवर लक्ष ठेवण्याचे काम हजरत बिलाल (रजि.) यांना दिले. बिलालांनी (रजि.) शक्य तितकी नमाज पढली, मग पहाटेच्या दिशेने तोंड करून ते आपल्या उंटाला टेकून बसले, आणि त्यांचाही डोळा लागला. सूर्याचे ऊन अंगावर आले तेव्हाच जाग आली, सर्वांत आधी जागे झाले ते प्रेषित (स.). बिलालांनी (रजि.) विनविले, की ज्याने आपला जीव धरून ठेवला, त्यानेच माझाही धरून ठेवला. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. काफिला थोडा पुढे गेला, वुजू झाली आणि फज्र अदा करण्यात आली. झोपून राहिल्यामुळे वा विसरल्यामुळे नमाज राहिली, तर आठवताच अदा करावी, हा नियम आपल्याला याच शिकवणुकीतून मिळाला.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही एकत्र धराव्या लागतात. पहिली ही, की ज्यांच्या अजानने मदीना जागे होत असे, त्या बिलालांनाही (रजि.) थकलेल्या देहाने जिंकले, म्हणून झोप अनावर होणे हा इमानचा अभाव नव्हे. दुसरी ही, की निजण्यापूर्वी जागे करण्याची व्यवस्था केलेली होती. व्यवस्था करून झोप लागणे ही सवलत आहे. व्यवस्थाच न करणे ही बेपर्वाई आहे. रात्रपाळीहून आलेल्या बांधवाला जोहरची वेळ विस्तीर्ण आहे. नऊला निजून असरची वेळ लागण्यापूर्वी, मग तो हनफी असो वा शाफई, आपल्या मजहबच्या वेळेप्रमाणे उठून जोहर अदा करता येते आणि झोपेचे सहा-सात तासही पदरात पडतात. त्यासाठी गजर लावावा, पत्नीला वा मुलाला सांगून ठेवावे.

आणि त्या बांधवाने निराश होऊ नये, कारण सूरह रूमच्या २३ व्या आयतीत अल्लाहने आपल्या निशाण्यांमध्ये रात्रीच्या झोपेबरोबरच दिवसाच्या झोपेचाही उल्लेख केला आहे, आणि त्याच ओळीत त्याची कृपा म्हणजे रोजी शोधण्याचाही. तुमची दिवसाची झोप हीसुद्धा अल्लाहची निशाणी आहे. परंतु तिची किंमत देह मोजतो हेही खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाची नोंद बहुधा कर्करोगकारक अशी केली आणि २०१९ च्या फेरविचारातही ती कायम ठेवली. हे सांगतो ते भय घालण्यासाठी नव्हे, तर ती झोप राखणे हे घरातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे, हे समजावे म्हणून. रात्रभर राबून आलेल्या माणसाच्या खोलीची खिडकी जाड कापडाने झाकावी, टीव्हीचा आवाज बंद करावा, मुलांना दुसरीकडे खेळवावे, वाटेतले ऊन टाळता येईल तितके टाळू द्यावे. आणि मालकांनीही ऐकावे. हाताखालच्या माणसांवर त्यांच्या शक्तीबाहेरचा भार टाकू नये आणि टाकलाच तर स्वतः त्यांना हातभार लावावा, ही प्रेषितांची (स.) आज्ञा हजरत अबू जर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. दर आठवड्याला पाळी उलटीपालटी करणे म्हणजे कामगाराच्या देहाचे घड्याळ दर आठवड्याला मोडणे होय. नफ्याच्या वहीत हा खर्च दिसत नाही. दुसऱ्या एका वहीत तो लिहिला जात आहे.

ज्यांना पर्याय आहे, त्यांनी काय करावे? सवय एका दिवसात लागत नाही आणि एका दिवसात सुटतही नाही. सातत्याने केलेले अमल, मग ते थोडे का असेना, अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहे, ही हदीस येथे फार कामाची आहे. रात्री लवकर निजण्याचा संकल्प बहुधा मोडतो, कारण झोप हुकमाने येत नाही. म्हणून आरंभ सकाळपासून करावा. रात्री कितीही उशीर झाला असला तरी फज्रला उठावे. नमाजनंतर लगेच पांघरुणात न शिरता उजाडेपर्यंत बाहेर चालावे. तो उजेड घड्याळ लावील. दुपारी वीस मिनिटे कैलूला करावा. तो सुन्नतही आहे आणि विसावाही. असरनंतर चहा टाळावा. मगरिब व इशाच्या दरम्यान जेवण आटोपावे. इशानंतर मोबाईल उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा. गजरासाठी एक साधे घड्याळ पुरते. वुजू करावी, बिछाना झटकावा, उजव्या कुशीवर निजावे आणि झोपेच्या दुआ म्हणाव्यात. रोज एकाच क्रमाने केलेल्या या कृती देह ओळखू लागतो आणि त्या सुरू होताच विसाव्याची तयारी करतो. रमजान संपल्यावर रात्रीचे बाजार बंद होतात, परंतु महिनाभरात लागलेले जागरण आपल्या अंगात राहून जाते. ते उतरविण्याचाही हाच मार्ग.

पालकांसाठी एक शब्द. किशोरवयात देहाचे घड्याळ निसर्गतःच मागे सरकते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे उठणे खरोखरच जड जाते. म्हणून त्याला आळशी, बेनमाजी अशी दूषणे देऊन उठवू नये. हात फिरवून, नाव घेऊन, उजेड करून उठवावे. आणि त्याआधी स्वतःचा मोबाईल खाली ठेवावा. ज्यांना सर्व काही करूनही महिनोन्‌महिने झोप लागत नाही, त्यांनी आपल्या इमानावर संशय न घेता डॉक्टरांकडे जावे, आजारावर इलाज करणे हीही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे.

हदीसमध्ये आले आहे, की झोपलेल्या माणसाच्या मानेमागे शैतान तीन गाठी मारतो. उठून अल्लाहचे स्मरण केले की एक गाठ सुटते, वुजू केली की दुसरी आणि नमाज पढली की तिसरी. मग तो मनुष्य प्रसन्न व उत्साही होऊन सकाळ करतो, नाही तर खिन्न आणि सुस्त होऊन. या गाठी शैतान मारतो खऱ्या, पण त्यासाठी त्याला दोरा कोण पुरवितो, याचा विचार प्रत्येकाने आज रात्री निजण्यापूर्वी करावा.

सूरह जुमरच्या ४२ व्या आयतीत सांगितले आहे, की अल्लाह मृत्यूच्या वेळी जीव काढून घेतो आणि जे मेले नाहीत त्यांचे जीव झोपेत घेतो. मग ज्यांच्या मृत्यूचा निर्णय झाला त्यांचे राखून ठेवतो आणि इतरांचे एका ठरलेल्या मुदतीपर्यंत परत पाठवितो. म्हणजे दररोज रात्री आपण ही अमानत मालकाच्या हाती ठेवतो आणि दररोज सकाळी ती परत मिळते. एक रात्र अशी येईल, की ती परत मिळणार नाही. तेव्हा जे डोळे, जे कान, जे हृदय आपण त्याच्या स्वाधीन करू, ते आपल्या बाजूने बोलतील, असे आजचे आपले वागणे असावे.

हे अल्लाह, आमच्या रात्रींना आमचे पांघरूण कर आणि आमच्या दिवसांना आमची हलाल रोजी. जे रात्री राबतात त्यांच्या देहाचे रक्षण कर, जे आजाराने जागतात त्यांना शिफा दे, आमच्या तरुणांना पहाटेची गोडी लाव, आणि कोणाचीही झोप मोडणारे आम्हाला होऊ देऊ नकोस. आमच्या अवयवांना त्या दिवशी आमच्या हिताचे साक्षीदार कर. आमीन.